पाव्हण्यांचे वकील

बसलिंगअप्पा हत्तरगे वकील आपल्या अशिलाला कधी अशील म्हणाले नाहीत. आरोपी तर मुळीच नाही. ते म्हणायचे, पाव्हणे.

"हुजूर, आमचे पाव्हणे पहाटेपासून चहाबिगर उभे हायती. त्यांना खाली बसायची मुभा असावी."

पाव्हण्याच्या हातात बेड्या असायच्या आणि शेजारी दोन शिपाई. पण अप्पा असं काही अदबीनं बोलायचे, की जणू लग्नाच्या मांडवात वरबाप ताटकळलाय आणि कोर्टाला त्याची लाज वाटायला हवी. आमच्याकडच्या टायपिस्टाच्या कानात तो शब्द इतका बसला, की एकदा निकालाच्या मसुद्यात त्यानं "पाव्हणे क्रमांक दोन यांना दोषी धरण्यात येते" असं सरळ टाइप करून टाकलं. साहेबांनी घाईत सहीपण केली. पुढं तो कागद बदलताना माझी आणि टायपिस्टाची जी धावपळ झाली ती आम्हालाच ठाऊक.

मी त्या कोर्टात मुद्देमाल कारकून होतो. पोलिसांनी जप्त केलेल्या वस्तू खटला संपेपर्यंत सांभाळायच्या, हे माझं काम. काठ्या, कुऱ्हाडी, सायकली, लुगडी, एकदा तर बकरी. लातूर नवीन जिल्हा झाला तेव्हा उस्मानाबादहून बदलून आलेल्या पहिल्या खेपेत मी होतो. जिल्हा झाला म्हणून गावानं फटाके उडवले होते, गंजगोलाईच्या बाजारात पेढे वाटले होते. आम्हाला मात्र बसायला खुर्च्या नव्हत्या. भाड्याच्या जागेत कोर्ट, मुद्देमालाची खोली म्हणजे कुणाचं तरी जुनं कोठार, आणि बाहेरच्या लिंबाखाली वकिलांची गर्दी. जिल्हा झाल्यावर काळे कोट शिवायला शिंप्यांकडं रांगा लागल्या. अप्पांनी काही नवा कोट शिवला नाही. त्यांचा जुना उन्हानं विटून चहाच्या रंगाचा झाला होता.

उदगीरच्या आडत दुकानदाराचा हा मुलगा. भावांनी पेढी धरली, यानं वकिली. तीही कुणाची? वडार, पारधी, मांग, पोटाला चिमटा घेऊन गाव फिरणारे. ज्यांचं वकीलपत्र लिंबाखाली दुसरं कुणी घेत नसे ते सगळे फिरत फिरत अप्पांच्या ओसरीवर यायचे. लांबून येणाऱ्याला सकाळच्या तारखेला गाडी मिळत नसे, म्हणून तो आदल्या दिवशीच यायचा आणि ओसरीवर पडायचा. काकू, म्हणजे अप्पांची बायको, होत्या तोवर त्यांनी या पाव्हण्यांना भाकरी घातली. त्या गेल्यावर अप्पा स्वतः पिठलं करायला लागले. ते पिठलं खाऊन एका दरोड्याच्या आरोपीनं माझ्यापाशी तक्रार केली होती, "तुरुंगात बरं मिळायलं होतं, साहेब."

अशिलांना लिहिता-वाचता येत नसे. तारीख लक्षात राहावी म्हणून अप्पा बायांच्या पदराला आणि बाप्यांच्या धोतराच्या सोग्याला गाठी मारायचे. "दर बाजाराला एक गाठ सोडायची. गाठी संपल्या की यायचं. लुगडं धुतलं तरी गाठ सोडायची न्हाई." लिंबाखाली वाकून बायांच्या पदराला गाठी मारणारा हा साठीचा माणूस बघून बाकीचे वकील हसत. अप्पांना त्याचं काही नव्हतं.

त्यांचा लाडका शब्द होता, रीतसर. अर्ज रीतसर, जामीन रीतसर, उलटतपासणी रीतसर. आणि खटला हरला, जो ते बहुतेक वेळा हरत, तर बाहेर येऊन म्हणायचे, "हारलो. पण रीतसर हारलो." वडारांच्या पालांचा दावा ते असाच हरले. एका नव्या सरकारी इमारतीच्या पायाचा सगळा दगड ज्या वडारांनी फोडला, त्यांचीच पालं त्या इमारतीच्या आवाराच्या आड येतात म्हणून उठवायची होती. अप्पा सहा महिने भांडले. पालं उठली त्या दिवशी ते त्या लोकांबरोबर गाढवांच्या मागं मागं चालत गावाच्या शिवेपर्यंत गेले. परत आले तेव्हा "रीतसर" म्हणाले नाहीत. मला वाटतं, तेव्हापासून त्यांच्यातलं काहीतरी खचायला लागलं होतं. आम्ही मात्र त्यांच्यावर हसतच राहिलो.

जिल्हा आला आणि पाणी गेलं, असं तेव्हा लोक म्हणायचे. लागोपाठ पाऊस चुकला. कोर्टातला माठ दुपारच्या आत कोरडा पडायचा. अशा दुसऱ्या उन्हाळ्यात माझ्याकडं दोन घागरी जमा झाल्या. ॲल्युमिनियमच्या, तोंडाला फडकं बांधून वर लाखेचं सील. पंचनाम्यात लिहिलं होतं, "दोन घागरी, पाण्यानं भरलेल्या."

मी हवालदाराला विचारलं, "अहो, पाणी कशाला जप्त केलं?"

तो म्हणाला, "चोरीचा माल तोच हाय की, साहेब."

औशाच्या रस्त्यावरच्या एका गावात गोजरबाई नावाची म्हातारी होती. मांगवाड्यातली, एकटी, गावची सुईण. गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. गावात टँकर यायचा, पण मांगवाड्यापर्यंत पोचेतो त्यात खडखडाट. एका दुपारी वस्तीत एक बाई बाळंत झाली. ओली बाळंतीण आणि पोर धुवायला घरात थेंब नव्हता. गोजरबाई उठली, आणि ज्या एका विहिरीत पाणी उरलं होतं तिथून दोन घागरी शेंदून निघाली. विहीरमालकानं वाटेतच धरलं. त्याची मोसंबीची बाग डोळ्यादेखत जळत होती, विहीर तळाला गेलेली. एकीला सोडलं तर उद्या गाव उतरेल, असं त्याला वाटलं. त्यानं फिर्याद दिली. चोरीची.

हा विहीरमालक म्हणजे अप्पांचे दाजी. सख्ख्या धाकट्या बहिणीचे, महानंदाताईंचे यजमान.

काकू गेल्यापासून अप्पांना घरचं म्हणून कुणी होतं तर ही बहीण. पंधरा दिवसांनी एकदा गावाहून यायची. धपाटे, शेंगदाण्याची चटणी घेऊन यायची, पाव्हण्यांना ओसरीवरून उठवून घर झाडून काढायची आणि भावाला तोंडभरून शिव्या देऊन जायची. तो दिवस अप्पा कोर्टात लवकर आटपायचे. गोजरबाई ओसरीवर आली तेव्हा योगायोगानं ताई तिथंच होत्या. हे मला अप्पांनीच पुढं सांगितलं. ताई म्हणाल्या, "दादा, हिचं काम दुसऱ्याला दे. तुला माझी आण हाय."

अप्पा तीन दिवस लिंबाखाली एकेका वकिलापुढं उभे राहिले. "हे एवढं घ्या." कुणी घेतलं नाही. चौथ्या दिवशी त्यांनी वकीलपत्रावर गोजरबाईचा अंगठा घेतला.

खटला उभा राहिला त्या दिवशी कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती. दाजी साक्षीला उभे. पांढरंशुभ्र धोतर, कपाळावर विभूतीचे पट्टे.

"दाजी, शपथेवर सांगा," अप्पांनी सुरुवात केली.

साहेब म्हणाले, "वकीलसाहेब, साक्षीदाराला दाजी म्हणू नका."

"मग काय म्हणू, हुजूर? तीस वर्षं दाजीच म्हणायलोय."

"साक्षीदार म्हणा."

"बरं. साक्षीदार दाजी, तुमच्या दोन्ही लेकरांच्या वेळी सुईण कोण होती?"

दाजींनी धोतराचा सोगा सारखा केला.

"त्या दोन्ही वेळी लेकराला आंघोळ घालायला पाणी कुठल्या विहिरीचं होतं? आणि शेंदलं कुणी?"

सरकारी वकील उठले, हरकत घेतली. साहेबांनी प्रश्न नामंजूर केला. दाजींनी मात्र मान खाली घालून सांगून टाकलं, "तिनंच." ते कागदावर आलं नाही.

मग अप्पांनी मुद्देमाल मागितला. मी घागरी आणल्या. सील शाबूत. फडकं सोडलं. दोन्ही घागरी खडखडीत कोरड्या, आत नुसती क्षाराची पांढरी रेघ. मधे आठ महिने गेले होते.

"हुजूर, माल कुठाय?" अप्पांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल. "आमच्या पाव्हण्यांनी नेलेला माल तर पोलिसांनी धरला, सील केला, सरकारच्या खोलीत ठेवला. आता तो न्हाई. मग चोर कोण?"

"पाण्याची वाफ झाली, वकीलसाहेब," साहेब वैतागून म्हणाले.

"मग आरोपी नंबर दोन सूर्यनारायणाला करावं, हुजूर!"

कोर्ट इतकं हसलं की शिपायाला ओरडून गप्प करावं लागलं. साहेबसुद्धा रुमालाआड हसले. मी हसलो. हसली नाही ती फक्त गोजरबाई. ती पिंजऱ्यात कठडा धरून उभी होती आणि घागरींकडं बघत होती. तिच्या घरातल्या तेवढ्याच दोन घागरी होत्या. आठ महिने ती डब्यातून पाणी आणत होती.

निकाल महिन्याभरानं लागला. चोरी शाबीत. वय बघून दयेची शिक्षा, कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे संध्याकाळपर्यंत कोर्टात बसून राहायचं आणि घरी जायचं. लिंबाखालचे वकील म्हणाले, अप्पा, जिंकल्यातच जमा आहे. गोजरबाई भिंतीशी बसली. अप्पा आपली जागा सोडून तिच्या शेजारी फरशीवर बसले. साडेपाचला साहेब उठले, तेव्हा ती म्हणाली, "अप्पा, आता मला कुणी बाळंतपणाला बोलवायचं न्हाई."

तसंच झालं. चोर ठरलेल्या बाईला माजघरात कोण घेणार? गावानं औशाहून दुसरी सुईण आणायला सुरुवात केली.

महानंदाताई निकालानंतर एकदाच आल्या. हातात काही नव्हतं. ओसरीच्या खालीच उभं राहून म्हणाल्या, "भर कोर्टात माझी बाळंतपणं काढलीस, दादा. जग हासलं. आता माझ्या उंबऱ्याला पाय लावू नको." अप्पा त्यांना अडवायला पायरी उतरलेसुद्धा नाहीत. ओसरीवरचे पाव्हणे म्हणत होते, वकीलसाहेब नुसते चष्मा पुसत राहिले.

त्यांनी सेशन कोर्टात अपील केलं. ते पुढं सरकेना. तिसरा उन्हाळा आला आणि त्यात गोजरबाई वारली. तापानं म्हणे. दोन दिवस कुणाला कळलंही नव्हतं.

मी अप्पांना म्हणालो, "संपलं आता. आरोपी मयत, अपील रद्द."

अप्पांनी कपाटातून कायद्याचं पुस्तक काढून माझ्यासमोर आपटलं. "वाचा. तीस दिवसांच्या आत जवळच्या नातलगानं अर्ज केला तर अपील चालतं. मेलेल्याचं बी चालतं."

"नातलग आहे कुठं?"

नवरा, मुलगा दोन्ही आधीच गेलेले. माहेर हदगावकडं, एवढंच कुणाला तरी आठवत होतं. लातूरहून नांदेड आणि नांदेडहून पुढं हदगाव, दिवसभराचा प्रवास. अप्पा तो त्या महिन्यात तीन वेळा करून आले. पहिल्या दोन खेपांना त्यांनी काय केलं, तर हदगावच्या कापसाच्या बाजारात मधोमध उभं राहून आरोळी ठोकली, "गोजराचा भाऊ हाय का कुणी?" लोकांना वाटलं, म्हातारा लिलाव करायलाय. एकानं भावही विचारला. तिसऱ्या खेपेला एका गाडीवानानं जवळच्या खेड्यातला किसनबुवा दाखवला. सत्तरीचा, डोळ्यांनी जवळजवळ गेलेला. सत्ताविसाव्या दिवशी त्याचा अंगठा घेऊन अप्पा परतले, आणि स्टँडवरून थेट कोर्टात येऊन त्यांनी अर्ज दाखल केला.

त्यानंतर वर्षभरानं अपिलाचा निकाल लागला. मधल्या काळात पाऊस झाला होता. ती विहीर म्हणे काठोकाठ भरली होती, हातानं पाणी घ्यावं इतकी. सेशन कोर्टात त्या दिवशी अप्पा, सरकारी वकील आणि मी, एवढेच. जज्जसाहेबांनी निकाल वाचला. चोरीचा माल कोर्टापुढं आला नाही, सबब शंकेला जागा राहते, संशयाचा फायदा देऊन आरोपीस निर्दोष सोडण्यात येते.

मी अप्पांचा हात धरला. "जिंकलात!"

"जिंकलो कामून?" अप्पा म्हणाले. "घागरी सुकल्या म्हणून ती सुटली. ओल्या असत्या तर चोरच ऱ्हायली असती. दुपारच्या उन्हात बाळंतिणीला पाणी नेलं, हे कुठंच आलं न्हाई यात." त्यांनी कागद पुन्हा पुन्हा उलटून बघितला, जणू ते वाक्य एखाद्या पानामागं सापडेल.

नक्कल मिळाल्यावर ते हदगावला निघाले. त्यांची तब्येत आता ठीक नव्हती, म्हणून मी रजा टाकून बरोबर गेलो.

किसनबुवा छपराखाली बसून अंबाडीचा दोर वळत होता. अप्पांनी निकाल वाचायला घेतला. पहिल्या ओळीपासून, कलमांसकट, सगळी पानं. शेजारपाजारची माणसं जमली, कंटाळली, गेली. म्हाताऱ्याचे हात चालूच होते. "निर्दोष" या शब्दाला ते थांबले.

"म्हंजे माझी बहीण चोर नव्हती?"

"नव्हती."

"ते मला ठावं होतं, साहेब." म्हाताऱ्यानं दोर बाजूला ठेवला. "पण लग्न होऊन गेली तवापासून मी तिच्या दारी एक डाव बी गेलो न्हाई. शेतावरून बोलाचाली झाली होती. आज जाऊ, उद्या जाऊ करून राहिलो, अन् जिंदगी निघून गेली. तुम्ही तिच्यासाठी एवढं केलं. मी भाऊ असून तिला पाणी पाजलं न्हाई."

म्हातारा अप्पांच्या दिशेला तोंड करून सहज विचारल्यासारखं बोलला, "तुम्हाला बहीण हाय का, साहेब?"

"हाय."

"येणं-जाणं हाय ना?"

अप्पांनी निकालाची प्रत घडी करून त्याच्या हातात दिली आणि उठले.

रात्री नांदेडला मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी दुपारी लातूर स्टँडवर उतरलो. वाटेत अहमदपूरला मी चहा आणला तो त्यांनी नुसता हातात धरून गार केला. स्टँडवर औशाची गाडी लागली होती. मी घरची वाट धरणार तोच अप्पा म्हणाले, "थांबा जरा." गाडीच्या दाराशी जाऊन त्यांनी कंडक्टरला बहिणीच्या गावाचं नाव घेऊन विचारलं, "तिथं थांबती का?"

"थांबती की, अप्पा. बसा."

अप्पांनी दांडीला हात घातला, एक पाय वर ठेवला, आणि पुन्हा खाली घेतला. माझ्याकडं आले.

"कारकूनसाहेब, समजा महानंदानंच दार उघडलं. तर पहिलं वाक्य काय बोलावं?"

पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या वतीनं बोललेला हा माणूस मला, घागरी सांभाळणाऱ्या कारकुनाला, खरोखर विचारत होता. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "काही बोलू नका. नुसती हाक मारा."

"अन् तिनं ओ दिली न्हाई तर?"

ती गाडी गेली. तासाभरानं दुसरी लागली, तीही गेली. आम्ही बाकड्यावर बसून होतो. शेवटी ते म्हणाले, "तुम्ही जावा. घरी वाट बघत असतील. मी पुढच्या गाडीनं जातो."

मी निघालो. फाटकापाशी वळून बघितलं. तिसरी गाडी फलाटाला येऊन लागली होती आणि अप्पा तिच्यापुढं उभे होते. त्यांचे ओठ हलत होते. काहीतरी पुटपुटायचे, मान हलवून नको म्हणायचे, आणि परत पहिल्यापासून सुरू करायचे. कंडक्टर दारात थांबला होता, त्यानं दोनदा हाक मारली. मग त्यानं दोरी ओढली, घंटा वाजली, गाडी हलली. धूळ खाली बसली तेव्हा अप्पा तिथंच उभे होते.